गोणपाट सोडत नाही

आमच्या घरात सगळं काही हातानं व्हायचं, प्रेमसुद्धा. आईला माझं कौतुक वाटलं की पाठीत धपाटा बसायचा, राग आला की उलथनं उडत यायचं, आणि दोन्हींतला फरक फक्त पाठीला कळायचा. दादा माझ्याहून मोठा. तो माझे केस ओढायचा, मी त्याला चावायची. त्याच्या डाव्या दंडावर माझ्या दातांची जी महिरप उठली ती पुढे लग्नाच्या फोटोतही आली. वहिनीनं विचारलं तेव्हा त्यानं "कुत्रं" एवढंच सांगितलं, आणि मीही शेजारी उभी राहून "फार वाईट होतं हो ते" म्हणाले. वाद फारच चिघळला तर निकाल पंज्यावर. संध्याकाळी दुकानातला ओंडका खरवडून, मीठ चोळून ठेवला की त्यावर दोघांनी कोपरं टेकायची आणि पंजा लढवायचा. आंघोळीला आधी कोण, रश्श्यातली नळी कोणाला, रिमोट कोणाच्या हातात, सगळं तिथं ठरायचं. आप्पा आईला नेहमी हरायचे. बिचारे मुद्दाम हरत असतील असं मला वाटायचं. एकदा मी स्वतः आईशी पंजा लढवला आणि तो गैरसमज गेला.

दुकान मटणाचं. सदाशिव पेठेच्या त्या टोकाला, जिथं पेठ संपली असं पेठेतल्या माणसांचं मत होतं आणि अजून चालू आहे असं आमचं. खाली दुकान, मागे पत्र्याची शेड, वर आम्ही. मला सकाळी गजर कधी लावावा लागला नाही. लोणी काळभोरहून मामाचा टेम्पो यायचा, जिन्याशेजारच्या बोळातून बकऱ्यांचे खूर टकटकत जायचे, शेडचं दार करकरायचं, मग थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग सुऱ्याचा एक आवाज. एकच. आप्पांचा तो अभिमान होता, एक घाव. कधी दुसरा आवाज आलाच तर त्या दिवशी ते दुपारी जेवायचे नाहीत आणि त्यांच्याशी कोणी बोलायचंही नाही. नंतर दिवसभर चालायचे ते हलके, घरगुती आवाज. ओंडक्यावरची खटखट, तडकणाऱ्या बरगड्या, पैसे आले की गल्लीला ओरडून सांगणारी काउंटरवरची ती बोलकी डबी, आणि वर आईचं वाटण, जे ती मिक्सरमध्ये घालतानाही पाट्यावर घातल्यासारखी दात ओठ खाऊन घालायची. ऊन दुकानाच्या पायरीवर आलं की "पोरांनो!" अशी हाक यायची. तव्यावर नुसत्या मीठमिरीत परतलेली कलेजी, कागदावर, फुंकर मारत, बोटं भाजत. वजरी, म्हणजे बकऱ्याचं पोट आणि आतडी, धुतली जायची तेव्हा असा वास सुटायचा की पाहुणे उठायचे, आणि शिजायची तेव्हा असा की तेच पाहुणे परत बसायचे. नातवंडं हे वाचून नाकं मुरडतील. मुरडा. ती नाकं वजरीवरच पोसली गेली आहेत, एक पिढी मागे जाऊन बघा.

दुकानात नियम एकच होता. सुरा वर गेलेला असताना आप्पांना हात लावायचा नाही, हाकही मारायची नाही. आजोबांची दोन बोटं अशाच कोणाच्या तरी हाकेला ओ देताना गेली होती. बाकी काहीही करा, मार खाल आणि सुटाल. या एका गुन्ह्याला घरात माफी नव्हती. आम्ही कधी तो केलाच नव्हता, त्यामुळे शिक्षा काय हेही कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळेच तिची जास्त भीती वाटायची.

अशा घरात मला जनावरं पाळायचा नाद लागला. फोनवरची. त्या गेमचं नाव आता सांगून उपयोग नाही, ती कंपनी केव्हाच बुडाली. रानात, डोंगरात, पाण्यात हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेचे राक्षस पकडायचे, खाऊपिऊ घालून वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या राक्षसांवर सोडायचे, एवढाच खेळ. पण त्या काळी अख्ख्या पेठेतली पोरं त्यानं झपाटलेली होती. क्लासच्या पायऱ्यांवर, बंद दुकानांच्या फळ्यांवर, स्कूटरवर उलटं बसून माना खाली घालून लढत असायची. आमच्या घरचा फोन दुकानाचा, ऑर्डरी घ्यायचा. तो कायम चरबीनं ओशट असायचा आणि माझं बोट पडण्याआधी त्याच्या काचेवर आप्पांच्या अंगठ्याचा लाल ठसा असायचा. त्यामुळे माझ्या राक्षसांच्या लढाया इतरांपेक्षा जरा जास्तच खऱ्या दिसायच्या.

दादाकडे एक पेटत्या आयाळीचा सिंह होता, एक विजेचा गरुड आणि कसला तरी लोखंडी बैल. सगळी पोरं तेच पाळायची, कारण तेच जिंकायचे. मी काय पाळलं होतं? सर्दी झालेली, दात नसलेली एक मगर. कुकरच्या जुन्या रिंगसारखा एक साप, जो वाटोळा बसला की कुठून सुरू होतो ते त्यालाही सापडायचं नाही. एक अंडं, जे फुटेल म्हणून मी वर्षभर वाट पाहिली आणि मग कळलं की ते अंडंच आहे, तेवढंच त्याचं काम. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे गोणपाट. त्याला कंपनीनं काहीतरी जपानी वाटेलसं नाव दिलं होतं. गोणपाट हे माझं. दिसायला ओलं पोतं, ज्यात कोणीतरी काहीतरी ठेवून विसरून गेलंय. शिवणीजवळ दोन डोळे, तेही लढाई सुरू झाली की मिटून घ्यायचं. त्याला डाव एकच यायचा, समोरच्याचा पाय धरणे. एकदा धरला की समोरच्याला जागचं हलता यायचं नाही. अडचण इतकीच की गोणपाटालाही हलता यायचं नाही, आणि समोरच्याचे हात मोकळे असायचे. मग समोरचा त्याला शांतपणे, सावकाश, भाकरी थापावी तसा बडवायचा. वरची हिरवी पट्टी पिवळी व्हायची, लाल व्हायची, संपायची. मेल्यावरसुद्धा पाय त्याच्या मिठीतच असायचा.

"हे तू का पाळतेस?" दादा विचारायचा.

"आवडतं."

"पण ते करतं काय?"

"धरतं."

"आणि?"

"आणि सोडत नाही."

"म्हणजे मार खातं."

"तू पण खातोस. आईचा. तुला पाळलंच आहे ना?"

यावर केस ओढले जायचे आणि चावाचावी सुरू व्हायची. आई वरून ओरडायची, "अगं मारामारी करायची तर खाली जाऊन करा, हितं दूध तापतंय!" आई लोणीची. पेठेत इतकी वर्षं काढून तिचं 'हाय' काही 'आहे' झालं नव्हतं. एकदा तिनं फोनमध्ये डोकावून गोणपाटाकडे बराच वेळ पाहिलं. "काय हाय गं ते? पोतं?" मी हो म्हणाले. "मग खाली शेडमध्ये ढीगभर पडलीत. त्येला चार्जिंग पण लागत न्हाई."

लोक मला अजून विचारतात की असल्या टाकाऊ, कुरूप, पडेल जिवांवर तुझा जीव का होता. मी वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. बकऱ्यांच्या घरातली पोर, दुबळ्यांची कणव आली असेल, असं एका विदुषी बाईंनी मला सांगितलं होतं. मी मान डोलावली, कारण बाई जेवायला घालणार होत्या. पण खरं सांगायचं तर कणव वगैरे काही नव्हती. बकऱ्याची मला कधी कीव आली नाही, त्याची नळी मला फार आवडायची. गोणपाटाची कीव आली असती तर मी त्याला लढाईत कशाला उतरवलं असतं? रोज उतरवायची, रोज मारून घ्यायची आणि रोज खूश व्हायची. ते आवडायचं, बस. मी तेव्हा अतिशय बावळट मुलगी होते, आणि बावळटाला कारण विचारू नये.

आता त्या रविवाराकडे येते. श्रावण लागायच्या आधीचा रविवार, गटारीचा. पुढे महिनाभर खायचं नाही ही भीती लोक त्या एका दिवसात खाऊन काढतात. उजाडायच्या आत आमची रांग बोळ ओलांडून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेली होती. पिशव्या घेतलेले निवृत्त काका, डबे घेतलेली मुलं, छत्री मिटून हळूच रांगेत शिरू पाहणाऱ्या बायका. आप्पा ओंडक्यावर, गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगात रबरी एप्रन. दादा तोलायला. मी काउंटरच्या कोपऱ्यात स्टुलावर, फोनवरच्या ऑर्डरी लिहून घ्यायला, म्हणजे दोन ऑर्डरींच्या मध्ये गोणपाटाला मार खायला घालायला. पायरी पावसानं आणि चरबीनं इतकी गुळगुळीत झाली होती की दादानं दोनदा राख टाकली आणि दोनदा ती वाहून गेली.

सन्नीभाऊ आले ते मोटारसायकलवरून, मागे दोन पोरं घेऊन. पेठेतल्या प्रत्येक खांबावर त्यांचा वाढदिवस लागलेला असायचा. इतक्या वेळा लागायचा की हा माणूस लवकरच आप्पांपेक्षा म्हातारा होईल असं दादा म्हणायचा. गाडीवरून न उतरताच सन्नीभाऊ बोलले, "मालक, मंडळाची पार्टी आहे. दोन बोकड बाजूला काढा. वर्गणीत धरा."

आप्पांनी मान वर केली नाही. "रांग तिकडून आहे."

"भाऊ रांगेत उभे राहत नसतात."

"मग भाऊंनी आज वरणभात खावा."

रांगेत कोणीतरी फिस्‌कन हसलं. ते हसू आम्हाला महागात पडलं. सन्नी उतरला, आकड्याला टांगलेलं सोललेलं बोकड त्यानं दोन्ही हातांनी ओढलं आणि रस्त्यावरच्या चिखलात आपटलं. मग तोलाचा काटा उचलून दुकानात फेकला. काच फुटली. दादानं काउंटरवरून उडी मारली. सिंह पाळणारा मुलगा, त्याला वाटलं असावं आपल्यालाही आयाळ आहे. सन्नीच्या नाकावर त्याचा पहिला ठोसा चांगला बसला, हाड मोडल्याचा तो आवाज मला ओळखीचा होता. पण मागच्या दोघांकडे हॉकीच्या काठ्या होत्या. त्यातली एक दादाच्या भुवईवर पडली. भुवई उभी फाटली, रक्तानं डोळा भरला, तो खाली बसला आणि बसलेल्याला त्यांनी लाथा घालायला सुरुवात केली. पोटात, पाठीत, तोंडावर. रांग फुटून भिंतीला लागली. दुकानात दिवसभर रक्त पाहणारी मी, त्या रक्तापुढे मात्र स्टुलावर पाय वर घेऊन बसले.

आप्पा ओंडक्यामागून बाहेर आले. काही ओरडले नाहीत. हातात सुरा. समोरून ते येताहेत हे पाहून सन्नी पळायला मागे वळला, पायरीवरच्या चरबीवरून त्याचा पाय गेला आणि तो हातांवर, गुडघ्यांवर पडला. मान खाली, केस पुढे, कॉलर मागे. शेडमध्ये बकरं उभं असतं अगदी तसा. आप्पांनी पाय रोवले आणि सुरा वर नेला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं हे मी तुम्हाला सांगते, हसू नका. माझ्या डोक्यात गोणपाट होतं. आता आपण धरायचं. सन्नीचा पाय धरायचा, तो हलणार नाही, मग दादा उठेल, आई येईल, कोणीतरी काहीतरी करेल. मी स्टुलावरून उडी मारली, काउंटरखालून सरपटत गेले, डोळे गच्च मिटले, कारण गोणपाट मिटतं, आणि समोर आलेल्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

पाय गार होता. ओला होता. रबरी होता. फिनेलचा वास येत होता. हे गमबूट रोज संध्याकाळी मीच धुवायची, त्यामुळे पत्ता चुकलाय हे मला लगेच कळलं.

वरून आवाज आला, "ए! पाय सोड!"

"नाही!"

"अगं माझा पाय आहे, भवाने!"

"माहितीये!"

त्या 'माहितीये'वर पुढे घरात वर्षानुवर्षं चर्चा झाली. दादाचं म्हणणं, ती वेडेपणानं बोलली. आईचं म्हणणं, ती पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली. मला विचाराल तर मी बोलले एवढं आठवतं, आणि सुरा वर असताना आपण आप्पांना हात लावलाय हे ध्यानात आलं तेही आठवतं. पण हात सुटले नाहीत. आप्पांनी पाय झटकला. मी त्याबरोबर इकडून तिकडे घासले गेले, गुडघे सोलले. मग त्यांनी दुसऱ्या पायानं मला लाथ घातली, सरळ तोंडावर. पुढचा दात तुटून जिभेखाली आला. मी तो गिळला, कारण थुंकायला तोंड मोकळं करायचं तर गालही गमबुटापासून दूर न्यावा लागला असता. गोणपाट कोणी का पाळत नाही हे मला तेव्हा समजलं. फार दुखतं.

तोल गेलेल्या आप्पांचा सुरा खाली आला तो सन्नीच्या कानाजवळून दगडी पायरीवर. ठिणगी उडाली, पात्याचा तुकडा उडाला, सुरा हातातून निसटला. सन्नी चार पायांवर रांगत गाडीकडे पळाला. पण त्याची ती दोन पोरं होती ना, त्यांचे हात मोकळे होते. एका जागी खिळलेल्या, रिकाम्या हाताच्या माणसाला त्यांनी हॉकीनं बडवलं. खांद्यावर, पाठीवर, पुन्हा खांद्यावर. प्रत्येक तडाखा आप्पांच्या अंगातून खाली येऊन त्या गमबुटात, आणि गमबुटातून माझ्या छातीत उतरत होता. आप्पा शिव्या देत होते, पोरांना की मला हे सांगता येत नाही. शेवटी आई जिन्यातून उतरली. हातात पायाच्या उकळत्या रश्श्याचं पातेलं, फडक्यानं धरलेलं. "हटा रं सगळी!" एवढं म्हणून तिनं ते त्या दोघांवर रिकामं केलं. त्यांच्या किंकाळ्या पार दवाखान्यापर्यंत ऐकू गेल्या म्हणतात. गाडी तिथंच टाकून तिघंही पळाले.  चिखलात बोकड, काचा, रस्सा, रक्त, आणि आप्पांच्या पायाला मी.

भिंतीला चिकटलेल्या काकांनी पिशवी झटकली आणि घसा खाकरला. "अहो वहिनी, हे सगळं ठीक आहे. पण माझा नंबर होता."

आईनं पदर खोचला. पायरीवरचा सुरा उचलून ओंडक्यामागे गेली. तुटक्या पात्याचा सुरा बाजूला टाकला, दुसरा उचलला. "बोला. काय पाहिजे?"

दवाखाना हाकेच्या अंतरावर. दादाच्या भुवईला टाके घातले. आप्पांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, हात गळ्यात बांधला. डॉक्टरांनी विचारलं, "कोणी मारलं?" आप्पांनी चांगल्या हाताचं बोट माझ्याकडे केलं. "हिनं." दादा टाक्यांसकट हसला आणि कळवळला. "चुकीच्या टीमचं धरलंस, बावळट!" डॉक्टर माझ्या तोंडात बघत म्हणाले, "दात कुठंय?" मी पोटावर हात ठेवला.

दादाला तिथंच पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून परत निघालो ते आप्पा आणि मी. मी शिक्षेची वाट पाहत होते. त्या एका गुन्ह्याची, जो घरात कोणीच केला नव्हता. आप्पा भिंतीच्या कडेनं चालत होते, गमबूट अजून पायात, त्यावर माझ्या रक्ताचे वाळलेले ओघळ. दुकान दिसायला लागलं तसे ते थांबले. रांग पुन्हा लागली होती आणि आईच्या सुऱ्याची खटखट इथवर येत होती.

"जागा दिसली होती मला," ते म्हणाले.

"कसली?"

"मानेवरची. केस पुढे गेले होते ना त्याचे. रोज जिथं घालतो तीच जागा." त्यांनी चांगला हात वर धरून पाहिला.   "एका घावात झालं असतं."

माझ्या तोंडात कापूस होता.

"दुसरा पाय मोकळा होता माझा," आप्पा म्हणाले. "म्हणून तुझा दात गेला."

मी मान हलवली.

"आणि तेवढ्यानंच मी तुझ्या मिठीतून सुटलो असतो. थोडक्यात राहिलं." त्यांनी तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. धपाटा नव्हता, नुसताच ठेवला, आणि मला त्याचं काय करायचं ते कळेना. "पुढच्या वेळी दोन्ही पाय धर."